केस विंचरून घेणे

सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपण काय काय करतो, ते तेलुगूत सांगावयास आम्ही एका मराठी घरच्या मुलास उभे केले. पैनगंगेच्या अलीकडचा आमचा हा भीमपूरचा परिसर. येथे कित्येक घरांत मराठी आणि शाळेत तेलुगू. २०१८ च्या कायद्याने तर तेलंगणातील शाळांत ती अनिवार्यच झाली. मुलगा धीटपणे बोलू लागला. पण ‘नेनु तल दुव्वुतानु’ म्हणताच वर्ग हसला. पुढे आठवडाभर त्याने तेलुगूत तोंड उघडले नाही.

‘दुव्वुतानु’ म्हणजे विंचरतो खरे, पण दुसऱ्या कुणाचे तरी केस. स्वतःचे विंचरावयाचे तर ‘दुव्वुकुंटानु’. तोंड धुणे ‘कडुक्कुंटानु’, कपडे घालणे ‘वेसुकुंटानु’, निजणे ‘पडुकुंटानु’; दिनचर्येत हा ‘कोनु’ पावलोपावली भेटतो. आम्ही रूप दुरुस्त केले, दहा वेळा म्हणवून घेतले, आणि येथेच आमचे चुकले.

कारण जे त्याच्या घरात रोज बोलले जाते, तेच आम्ही त्यास दाखविले नाही. ‘तोंड धुऊन घे, केस विंचरून घे,’ असे आई म्हणते, त्यातले ‘घे’ दुसरे काय करते? शिवाय सुट्या ‘कोनु’चा अर्थ विकत घेणे, आपणही बाजारात साडी ‘घेतो’च! भेद एवढाच, की ‘मी केस विंचरतो’ एवढ्याने मराठीत भागते, तेलुगूत भागत नाही. मुलाची चूक या फटीतून आली होती.

क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते की दुसऱ्याकडे, हा विचार पाणिनीनेही केला आहे. स्वतःसाठी यज्ञ करणारा ‘यजते’, यजमानासाठी करणारा ऋत्विज ‘यजति’. इटालियन भाषेत हेच काम एक चिमुकले सर्वनाम करते: ‘मि लावो’, म्हणजे मी अंग धुतो. नुसते ‘लावो’ म्हटले, तर ऐकणारा विचारील, काय धुता? भांडी की मोटार? (हा ‘मि’ आपला ‘मी’ नव्हे, त्याचा अर्थ ‘स्वतःला’.)

पुढच्या सोमवारी आम्ही फळ्यावर ‘घेणे’ आणि ‘कोनु’ शेजारी-शेजारी मांडले. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, शिकवतो म्हणजे ‘नेर्पुतानु’. मग शिकतो?”

“नेर्चुकुंटानु.”

“म्हणजे शिकून घेतो,” तो म्हणाला, आणि वहीत लिहू लागला.