पावसाळ्याआधी बॅटऱ्या उतरवा

मे महिन्याच्या सुट्टीत मॉडेल विमाने उडवून होतात. जूनचे ढग आले, मैदानात चिखल झाला, की ही विमाने दिवाळीपर्यंत माळ्यावर जातात. पंख सुटे करून जुन्या चादरीत गुंडाळले जातात, रिमोटमधले सेल काढून ठेवले जातात. राहतात त्या विमानाच्या बॅटऱ्या. शेवटच्या रविवारसाठी त्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेल्या असतात. सकाळी वारा सुटतो किंवा सर येते, विमान उडतच नाही, आणि त्या भरलेल्या बॅटऱ्या तशाच घरी परत येतात. मग कपड्यांच्या कपाटात, पलंगाखालच्या खोक्यात, इंजिनीअरिंगच्या वसतिगृहात तर थेट उशाशी, चार महिने. धोका उडालेल्या बॅटरीपेक्षा या न उडालेल्या बॅटरीचा जास्त आहे.

लिथियम पॉलिमर, हौशी मंडळींच्या भाषेत ‘लायपो’, ही मोबाइलच्या बॅटरीचीच बहीण. मात्र मोबाइलची बॅटरी यंत्राच्या पोटात बंद असते आणि ती जास्त भरू नये किंवा पार रिती होऊ नये यावर लक्ष ठेवणारे सर्किट सोबत असते. विमानाच्या बॅटरीला वजन परवडत नाही. त्यामुळे ना टणक कवच, ना पहारेकरी. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात बंद केलेले तीन-चार सेल, दोन जाड वायरी आणि प्रत्येक सेल तपासण्यासाठी एक छोटा पांढरा प्लग, एवढाच तिचा संसार. चार सेलच्या, पाच हजार मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत ७४ वॉट-अवर ऊर्जा असते, म्हणजे जवळजवळ चार मोबाइल एकत्र बांधल्याइतकी. शाळकरी मुलाच्या दप्तरात ती मावते.

अशा बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की तो खराब होऊ लागतो. न वापरता ठेवायचा असेल तर योग्य जागा आहे ३.८ व्होल्टच्या आसपास, साधारण निम्म्या चार्जवर. तीन सेलची बॅटरी भरल्यावर १२.६ व्होल्ट असते, ती ११.४ वर आणून ठेवावी. चार सेलची १६.८ वरून १५.२ वर, सहा सेलची २५.२ वरून २२.८ वर. हे आकडे बॅटरीच्या खोक्यावर आतल्या बाजूला चिकटवले तरी अर्धे काम झाले.

निम्म्यावरच का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. सेल पूर्ण भरलेला असताना त्याचा धन ध्रुव फार आक्रमक अवस्थेत असतो. सोबतच्या ज्वलनशील द्रवाला तो हळूहळू कुरतडत राहतो. त्यातून वायू तयार होतो आणि पाकीट उशीसारखे फुगते. सेलचा अंतर्गत रोध वाढतो, विमान पहिल्यासारखी झेप घेत नाही. उष्णतेने हे सगळे वेगाने होते; पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात उभी गाडी ही बॅटरी ठेवण्याची सर्वांत वाईट ठिकाणे. पण दुसरे कारण याहून महत्त्वाचे. सेलमध्ये आत कुठे शॉर्ट झाला, तर भरलेल्या सेलमधली सगळी ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन बाहेर पडते, शेजारचा सेल पेटतो, मग त्याच्या शेजारचा. निम्मा भरलेला सेल तुलनेने कमी तापतो, उशिरा भडकतो आणि पुष्कळदा शेजाऱ्याला पेटवतही नाही. विमान कंपन्यांनी हे ओळखले आहे. सुट्या लिथियम आयन बॅटऱ्या हवाईमार्गे माल म्हणून पाठवायच्या तर त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम एप्रिल २०१६पासून लागू आहे. पोटात बॅटऱ्यांची खोकी घेऊन उडणाऱ्या मालवाहू विमानाला जे शहाणपण लागते, ते घरातल्या कपाटाला नको असे कोण म्हणेल?

तरीही ही बॅटरी उतरवली जात नाही, कारण ते कंटाळवाणे आहे. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की चार्जर बॅटरी ३.८ वर आणून थांबतो. परंतु स्वस्त चार्जरची उतरवण्याची क्षमता ५ वॉटच्या आसपास असते. वर सांगितलेली ७४ वॉट-अवरची बॅटरी निम्मी करायला त्याला सात-आठ तास लागतात. बॅटऱ्या चार असतील तर दोन दिवस गेले. मग ‘राहू दे, आपोआप उतरेल’ अशी समजूत काढली जाते. ती चुकीची आहे. चांगली लायपो महिन्याला जेमतेम काही टक्के उतरते. जूनमध्ये भरून ठेवलेली ऑक्टोबरमध्येही बरीचशी भरलेलीच सापडते. कॅमेऱ्याच्या काही तयार ड्रोनच्या बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःहून उतरतात, त्यावरून हा गैरसमज पसरला असावा. मॉडेल विमानाच्या उघड्या बॅटरीत तशी सोय नसते.

दुसरे टोक जुगाडाचे. गाडीच्या हेडलाइटचा हॅलोजन बल्ब जोडून बॅटरी झटपट उतरवतात. सात-आठ तासांचे काम तास-पाऊण तासावर येते, हे खरे. पण बल्बला थांबायचे कळत नाही. कुणी जेवायला गेले, फोन आला, झोप लागली, की सेल ३ व्होल्टच्या खाली आणि मग शून्याकडे. फार रित्या झालेल्या सेलमध्ये ऋण ध्रुवाचे तांबे विरघळू लागते. पुढे चार्ज करताना तेच तांबे नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी उतरवायला घेतलेली बॅटरीच पुढच्या आगीची तयारी करून ठेवते. बल्ब वापरायचाच तर प्रत्येक सेलचा व्होल्ट दाखवणारे, शिट्टी वाजवणारे छोटे यंत्र पांढऱ्या प्लगला लावावे, ते शे-दोनशे रुपयांत मिळते. आणि जागेवरून हलू नये. भार काढल्यावर व्होल्ट थोडा वर चढतो, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा बघावे. विमान हातात धरून पंखा फिरवत बॅटरी उतरवणे मात्र कुणीही करू नये. तो पंखा सुरीच आहे आणि तुटलेली बोटे जोडणे हे सोपे काम नाही.

सर्वांत सोपा उपाय सवयीचा आहे. बॅटऱ्या एरवी निम्म्यावरच ठेवायच्या, उडवायच्या दिवशी सकाळी भरायच्या आणि तेवढ्याच भरायच्या जेवढ्या खरोखर उडणार आहेत. ठेवताना मातीची कुंडी किंवा घट्ट हवाबंद नसलेला धातूचा डबा, पडदे-गाद्यांपासून आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर. आग न लागणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या थोडा वेळ मिळवून देतात, त्याहून जास्त भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

अशा आगीत माणूस ज्वाळेपेक्षा धुराने अधिक फसतो. ज्वाला दिसते, तिच्यापासून हात मागे येतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बॅटरीतल्या फ्लोरिनयुक्त क्षारापासून तयार होणारा हायड्रोजन फ्लोराइडही. पाण्यात विरघळून तो डोळे, घसा, फुफ्फुस यांना जाळतो. बऱ्याचदा सुरुवातीला नुसता खोकला असतो आणि खरी धाप काही तासांनी लागते. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद खोलीतला धूर घेतलेल्याला घरी झोपवणे धोक्याचे. रुग्णालयात गेल्यावर ‘बॅटरीचा धूर’ हे दोन शब्द आवर्जून सांगावेत. फुटलेल्या बॅटरीतला द्रव त्वचेला लागला असेल तर तेही. भरपूर पाण्याने धुतल्यावर अशा जखमेला कॅल्शियम ग्लुकोनेट लावण्याची गरज पडू शकते, आणि माहिती मिळाली नाही तर डॉक्टर ती साधी भाजल्याची जखम समजतात. साध्या भाजण्यावर वीस मिनिटे वाहते गार पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. बॅटरी पेटली तर ती उचलून बाहेर फेकण्याचे धाडस करू नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे, मेन स्विच बंद करावा आणि १०१ किंवा ११२ला फोन करावा. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, हे अग्निशमन दलालाही सांगावे.

हा सगळा भार एकट्या हौशी मुलावर टाकणे योग्य नाही. सुट्टीत मॉडेल विमानांची शिबिरे घेणारे मुलांना पंखाचा आकार आणि उचल शिकवतात, बॅटरी घरी कशी ठेवायची हे पालकांना सांगत नाहीत. पालकांना ‘त्याच्या विमानाची बॅटरी’ एवढेच ठाऊक असते. कॉलेजातल्या विमान आणि ड्रोन बनवणाऱ्या चमूंनी सत्र संपताना प्रत्येक बॅटरीचा व्होल्ट वहीत नोंदवून ती कार्यशाळेत जमा करावी, खोलीवर नेऊ नये. रेक्टरांनी ती वही मागावी. आणि विक्रेत्यांनी खोक्यातल्या इंग्रजी-चिनी पत्रकासोबत मराठीत चार ओळी द्यायला काय हरकत आहे? फवारणीचे ड्रोन आता गावोगावी पोहोचत आहेत. त्यांच्या बॅटऱ्या मॉडेल विमानाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोठ्या असतात आणि हंगाम संपल्यावर त्याही गोठ्याशेजारच्या खोलीत, खताच्या गोण्यांजवळ जाऊन बसतात.

फुगलेली बॅटरी मात्र उतरवून ठेवण्याच्या यादीत बसत नाही. तिला चार्जर लावू नये, टाचणीने टोचून वायू काढू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर तिथेच पेटते. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने आधी टोके गंजतात आणि सेल आत भरलेलाच राहू शकतो. टोकांना चिकटपट्टी लावून, मोकळ्या जागी कुंडीत ठेवून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे. दुकानदार ‘आमच्याकडे घेत नाहीत’ म्हणाला, तर कंपनीकडे लेखी विचारावे.