वेळ डोळ्यांना दिसावा

भिलाईचे जीवन घड्याळाच्या काट्यांना बांधलेले आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशी भट्टी सायंकाळी विझवून सकाळी पेटविता येत नाही. म्हणून काम रात्रंदिवस, पाळ्यापाळ्यांनी चालते. रात्रपाळीहून आलेले वडील दिवसा झोपतात आणि मूल विचारते, "बाबा कधी उठणार?" "दोन तासांनी," असे आई सांगते. दहा मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो आणि मूल हट्टी ठरते.

वास्तविक हा हट्ट नव्हे. 'दोन तास' हे शब्द त्याने ऐकले, पण तेवढा वेळ त्याला दिसला नाही. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुलांच्या कालकल्पनेचा विचार केला आहे. दोन वस्तू एकदमच निघून एकदमच थांबल्या, तरी जी पुढे गेली तिलाच अधिक वेळ लागला, असे लहान मुलांना वाटते. वर्गात "आता पाचच मिनिटे उरली" असे ऐकून एखादे मूल गांगरते, तर एखादे ढिम्म बसते. त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. स्वमग्न मुलांना आणि ज्यांचे चित्त एका ठिकाणी ठरत नाही अशांना तर एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे विशेष जड जाते.

वेळ दृश्य करण्याची युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्याकडील लग्नात घंगाळातील पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरे आणि पात्र बुडाले, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, भरली असे समजत. पात्र किती भरले हे पाहून किती अवधी उरला हे अक्षरशत्रूलाही कळे. आजच्या शाळांतील दृश्य कालदर्शकाचे तत्त्व हेच आहे: तबकडीवरील रंगीत भाग मिनिटागणिक आक्रसत जातो आणि तो संपला की वेळ संपतो.

हे साधन विकत आणलेच पाहिजे असे नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी शिक्षकांनी फळ्यावर वर्तुळ काढून त्याचे चार भाग करावेत, ते रंगीत खडूने भरावेत आणि दर पाच मिनिटांनी एक भाग पुसावा. घरी भिंतीवरील घड्याळाच्या काचेवर रंगीत कागदाचा तुकडा चिकटवावा व सांगावे, "लहान काटा येथे आला, की बाबांना उठवू."

मात्र दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे, की या साधनाचा चाबूक करू नये. "बघ, संपत आला!" असे ओरडल्याने मुलाचे लक्ष कामावरून उडून भीतीकडे जाते. ज्याला सरणारा रंग पाहूनच धडकी भरते, त्याच्यापुढून ते साधन दूर करावे. वेळ दाखविल्याने वेळ वाढत नाही, हेही ध्यानी असावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास अधिक मिळतो. ज्याला अधिक वेळ हवा, त्याला तो नेहमीच्या वर्गातही मिळाला पाहिजे.

दुसरे पथ्य मोठ्यांसाठी आहे. रंग संपल्यावर खेळावयास सोडू असे सांगितले असेल, तर हातचा धडा अर्धा राहिला तरी सोडावे. काटा कागदाशी पोचला, की वडिलांनीही उठावे. एकदा शब्द मोडला, की ती तबकडी मुलाच्या लेखी केवळ एक रंगीत चित्र उरते. घड्याळ वाचावयास मूल यथाकाल शिकेलच. त्यापूर्वी ते आपल्या शब्दाची किंमत वाचावयास शिकत असते.