अजून पहिलाच क्वार्टर चाललाय!

"यंदा आपल्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचं काही खरं नाही!" सीझनच्या तीन मॅच झाल्या, त्यातल्या दोन हरलो, आणि कॅन्टीनमध्ये निकाल जाहीर! निकाल देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मॅच बघितलेलीच नाही. उरलेल्यांनी बघितली ती पार्किंगमधून, गाडीवर बसून, वडापाव खाता खाता. असो.

मी तिन्ही मॅच बघितल्या. तीन वर्षं याच कोर्टवर घाम गाळलाय (आणि गुडघेही फोडून घेतलेत), म्हणून चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी परिस्थिती ऐका. गेल्या वर्षीच्या पहिल्या पाचातल्या तिघी पास होऊन गेल्या. उरलेल्या आम्ही दोघी बी.ई.च्या. प्लेसमेंट आणि प्रोजेक्टच्या कात्रीत सापडून ऑगस्टमध्येच टीम सोडली. म्हणजे आजची टीम सगळी एफ.ई. आणि एस.ई.ची. टी.ई.ची मुलगी औषधालासुद्धा नाही.

चांगलं काय? या पोरी पळतात! समोरच्या टीमला स्वतःच्या अर्ध्या कोर्टातून बॉल ८ सेकंदांत पुढे न्यावा लागतो. दुसऱ्या मॅचला आपल्या पोरींनी असा काही प्रेस लावला की हा नियम समोरच्यांना दोनदा भोवला. आम्हाला हे कधी जमलं नाही. तिसऱ्या क्वार्टरलाच आमचा दम निघालेला असायचा.

वाईट काय? एक, घाई. अटॅकला २४ सेकंद मिळतात, आपण सहाव्या सेकंदाला बॉल रिंगकडे भिरकावतो, जणू हातात तापलेला तवाच आहे. दोन, फाउल. एका क्वार्टरमध्ये टीमचे ४ फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो, हे सगळ्यांना पाठ आहे. व्हायव्हाला विचारलं तर धडाधड सांगतील! पण मॅचमध्ये हात आवरत नाहीत. तीन, आपले फ्री थ्रो. तिथे मध्ये कुणी हात आडवा घालत नाही, तरी तिसरी मॅच आपण तिथेच घालवली.

पण ही दुखणी सरावाने बरी होणारी. खरं दुखणं वेगळंच आहे. टीम मुकी आहे! डिफेन्समध्ये सतत बोलावं लागतं. ‘मागून स्क्रीन येतोय’, ‘डावीकडे मी आहे’, ‘हिला तू घे’. हे ओरडलं नाही तर पाचजणी म्हणजे पाच वेगवेगळ्या टीम. आपल्या पॉइंट गार्डला सगळं दिसतं. पण ती पडली एफ.ई.ची. एस.ई.च्या ताईवर ओरडायचं कसं? मॅचनंतर मी विचारलं, "तुला दिसत होतं ना गं?" तर म्हणते, "हो ताई, पण असं एकदम कसं बोलू?"

आणि यावर जिमखान्याचा उपाय काय, तर झोनलसाठी बी.ई.च्या दोघींना परत बोलवा! त्या दोघींतली एक मी.

खरं सांगते, निरोप आला तेव्हा बरं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे दुसरी मॅच हरलो तेव्हा मनात कुठेतरी गुदगुल्या झाल्या होत्या. ‘बघा, आम्ही होतो तेव्हा!’ लाज वाटते, पण झालं खरं. मागच्या शनिवारी प्रॅक्टिसला उतरले. वीसेक मिनिटं खेळले. तेवढ्यात आपल्या पॉइंट गार्डने एकदाही रिंगकडे बघितलं नाही. बॉल हातात आला की माझ्याकडे. स्वतः मोकळी असली तरी माझ्याकडे. बाकीच्यांची जी थोडीफार तोंडं उघडायला लागली होती तीही बंद! मी बास्केट टाकल्या, सर खूश झाले. घरी जाताना मात्र कळून चुकलं की मी खेळले तर झोनलची एखादी मॅच निघेलही, पण मी कॉलेजातून गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

१९९१ ची गोष्ट. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये एकदम पाच फर्स्ट इयरची पोरं आली. डिसेंबरमध्ये, सीझनच्या सुरुवातीलाच, गतविजेत्या ड्यूककडून ओव्हरटाइममध्ये ८८-८५ अशी हरली. तरी कोचने त्यांच्यावरच भरवसा ठेवला. फेब्रुवारीपासून पाचहीजण एकदमच उतरायला लागले आणि एप्रिल १९९२ मध्ये टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला! तिथे पुन्हा ड्यूकनेच २० पॉइंट्सनी हरवलं, आणि पुढे पैशांच्या प्रकरणात ती नोंदही रेकॉर्डमधून काढली गेली, तो विषय वेगळा. पण या पोरांबद्दल लोकांची एक तक्रार काय होती माहितीये? कोर्टवर फार बडबड करतात! आता ती पोरं देशभरातून निवडून आणलेली, आपली टीम कॅप राउंडमध्ये ठरते, हे मान्य. पण बडबड करायला कुठे कटऑफ लागतो?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आम्हा दोघींना परत घेऊ नका. त्याऐवजी कोर्टच्या रेषेच्या आत ‘ताई’ बंद करा. नाव घेऊन ओरडायचं, आणि हे एस.ई.च्या मुलींनी स्वतः एफ.ई.ला सांगायचं. फ्री थ्रो प्रॅक्टिसच्या सुरुवातीला नकोत, शेवटी घ्या, पाय थरथरत असताना. आणि दर शनिवारी एफ.ई.च्या मुलांशी मॅच लावा. हरल्या तरी चालेल.

झोनलला पहिल्याच राउंडमध्ये बाहेर पडलो तर? तर कॅन्टीनमध्ये खुशाल माझं नाव घ्या, उत्तर द्यायला मी येईन. मॅचला तर मी असेनच, बेंचच्या मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन. तुम्हीही या. पार्किंगमधून नको, जरा कोर्टजवळ. आणि आपली पॉइंट गार्ड कुणावर तरी जोरात ओरडली ना, की टाळ्या वाजवा!