पहिल्या चाचणीवरून डॉक्टरकी ठरवू नका

दहावीला 92 टक्के मिळवलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत फिजिक्सला 25 पैकी 6 गुण घेते, तेव्हा तिची बुद्धी तीन महिन्यांत आटलेली नसते. मी छत्रपती संभाजीनगरात अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते. दिवाळीच्या सुमारास असे गुण घेऊन पालक स्टाफरूमच्या दाराशी येतात, पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नडहून सकाळची एसटी धरून. यंदा एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, हिला हे झेपंना. आर्ट्सला टाकू का? उगं दोन वर्षं खोलीचं भाडं कशाला भरायचं?" मुलगी शेजारीच उभी होती. मी त्यांना नको म्हणाले. का, ते सांगायला त्या दिवशी वेळ पुरला नाही.

ते 6 गुण नेमकं काय मोजतात? राज्य मंडळाच्या अकरावी फिजिक्सचं दुसरंच प्रकरण 'मॅथेमॅटिकल मेथड्स' आहे. व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सगळं त्यात. डॉक्टर व्हायचं म्हणून गणित सोडलेल्या मुलीला हे दुसरीकडे कुठेच शिकायला मिळत नाही, आणि पुढचं 'मोशन इन अ प्लेन' ते येतंय असं धरूनच सुरू होतं. त्यात शाळा मराठी माध्यमाची, आणि इथे वर्गात, पुस्तकात, पेपरात सगळं इंग्रजी. दहावीचे टक्के बेस्ट ऑफ फाइव्हने निघतात. सहा विषयांतला सर्वांत कच्चा विषय हिशेबातून गळतो. तो गणित असेल तर घरी कुणाला पत्ताही लागत नाही. प्रवेशाचं वेगळंच. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आणि त्या वर्षी फेऱ्या संपता संपता ऑगस्ट उजाडला. उशिराच्या फेरीतून आलेली मुलं वर्गात बसतात तेव्हा व्हेक्टर शिकवून झालेले असतात. वर उस्मानपुऱ्यात कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा आणि घर पहिल्यांदाच सुटलेलं. एवढं सगळं त्या 6 गुणांत आहे. ती पुढे रुग्णाला नीट तपासेल की नाही, याचा त्यात काहीही पुरावा नाही.

नियम काय म्हणतात तेही पालकांनी पाहावं. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले 360 एकट्या बायॉलॉजीचे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. अकरावीचे गुण गुणवत्ता यादीत कुठेच धरले जात नाहीत. अमेरिकेत मेडिकलला जाण्याआधी पदवी घ्यावी लागते आणि तिच्या पहिल्या सत्रापासूनचा प्रत्येक गुण अर्जात उतरतो. तिथे सुरुवातीचं अपयश खरोखर पाठीमागे येतं. आपल्याकडे नियमाने ते ओझं ठेवलेलंच नाही. एवढंच काय, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीत अडकलेल्या विद्यार्थ्यालासुद्धा ते वर्ष पार करायला चार संधी मिळतात. सोळा वर्षांच्या मुलीला मात्र आपण एका चाचणीत निकालात काढतो.

गुण विसरता येतात, अकरावी विसरता येत नाही. नीटला अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो, आणि बारावीच्या धावपळीत अकरावीची भोकं बुजवायला फुरसत नसते. म्हणून दिवाळीची सुटी मोलाची. त्या मुलीला मी तिचे तिन्ही पेपर घेऊन बसवलं आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायला लावलं: प्रश्नाचं इंग्रजी कळलं नाही, गणित अडलं, की धडाच वाचला नव्हता. फिजिक्समधल्या बहुतेक चुका पहिल्या दोन प्रकारच्या निघाल्या. माझे एक सहकारी गणित सोडलेल्या मुलांना व्हेक्टर पहिल्यापासून शिकवायला बसले. तिला मी एनसीईआरटीचं 'सेल' प्रकरण रोज दोन पानं, आकृत्या स्वतः काढत वाचायला सांगितलं. पहिल्या सत्राला फिजिक्सला 50 पैकी 21 आले. मी त्याला प्रगती म्हणते. ज्यांना हे कमी वाटतं, त्यांनी 25 पैकी 6 वरून 50 पैकी 21 वर यायला काय लागतं ते तिच्या वहीत पाहावं.

या शहराला हे समजणं अवघड जाऊ नये. बाबासाहेब आंबेडकरांना 1907 साली मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते. त्या गुणांवर त्यांचा जाहीर सत्कार झाला, कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, पुढे त्यांच्याच खटपटीने सयाजीराव गायकवाडांची महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1912 साली ते बी.ए. झाले. त्या गुणपत्रिकेत काय कमी आहे हे मोजत कुणी बसलं नाही. बाबासाहेबांनीच 1950 साली इथे कॉलेज काढलं, आजचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या ज्या मुलांच्या घरात कॉलेज कुणी पाहिलं नव्हतं, ती तिथून शिकून निघाली.

आणि आपण आज काय करतो? पहिल्या चाचणीवर 'ए' आणि 'बी' बॅच पाडतो. चांगले शिक्षक 'ए'कडे, म्हणजे ज्यांना त्यांची गरज कमी त्यांच्याकडे. मला यात शिक्षण कुठे दिसत नाही. खाली गेलेली मुलं वर येत नाहीत, याचं मोठं कारण त्यांना वर आणणारा माणूस त्यांच्या वर्गावर नसतो, हे आहे.

माझं शहरातल्या कॉलेजांना आणि क्लासवाल्यांना मागणं आहे. अकरावीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत बॅच गुणांवर पाडू नका. गणित सोडलेल्यांसाठी फिजिक्सचं दुसरं प्रकरण सुरू होण्याआधी आठवडाभर तरी वेगळे तास ठेवा. आणि घटक चाचणीचे गुण नावानिशी पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकणं याच सत्रापासून थांबवा.