विश्लेषण : ‘फॅशन’ने सिगारेटी मोजल्या, मानधन कोणी मोजायचे?

ऐन दिवाळीत, २९ ऑक्टोबर २००८ रोजी, दोन हिंदी चित्रपट एकाच दिवशी प्रदर्शित झाले. एक ‘गोलमाल रिटर्न्स’ आणि दुसरा मधुर भांडारकर यांचा ‘फॅशन’. पहिला विनोदी होता. दुसरा आज मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहताना अधिक हसवतो, हा अर्थातच दिग्दर्शकाचा हेतू नव्हता. तरीही त्याची नुसती टिंगल करून चालणार नाही. मॉडेलिंगच्या धंद्यात जे खरोखर जाचक आहे, ते या चित्रपटात एका प्रसंगात येऊन गेले आहे. फक्त तेव्हा सगळ्यांचे लक्ष सिगारेटकडे होते.

कथा किती, कीर्तन किती?

चंडीगडची मेघना माथुर (प्रियांका चोप्रा) घरच्यांचा विरोध मोडून मुंबईत येते, बड्या एजन्सीचा चेहरा होते, यश डोक्यात जाते, सगळे गमावते, माघारी जाते आणि पुन्हा उभी राहते. तिच्या आधी त्या जागेवर असलेली शोनाली गुजराल (कंगना राणावत) नशेच्या आहारी जाऊन संपते. जॅनेट (मुग्धा गोडसे) सुपरमॉडेल होण्याचे स्वप्न सोडून एका डिझायनरशी लग्न करते. प्रियांका आणि कंगना या दोघींनाही या भूमिकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ते योग्यच होते. कंगनाच्या शोनालीपुढे तर पटकथा अनेकदा तोकडी पडते.

पण रचना पाहावी तर ती कीर्तनाची आहे. ‘चांदनी बार’, ‘पेज ३’, ‘कॉर्पोरेट’, ‘ट्रॅफिक सिग्नल’ आणि पुढे ‘हिरोइन’, ‘कॅलेंडर गर्ल्स’ असा भांडारकर यांचा प्रवास पाहिला की लक्षात येते, बुवा तेच, आख्यान तेवढे बदलते. पूर्वरंगात झगमगाट, उत्तररंगात त्याची फळे. श्रोत्यांना झगमगाट डोळे भरून पाहायला मिळतो आणि घरी जाताना तो वाईट असल्याचे समाधानही मिळते. तिकीट एकच.

अधःपतन मोजायचे कसे?

या चित्रपटात नैतिकतेचे मापक यंत्र अत्यंत सोपे आहे. नायिकेच्या हातात पाण्याचा ग्लास असेल तर सर्व ठीक. वाइन आली की सावध. सिगारेट पेटली की समजावे, गाडी घाटातून खाली निघाली. प्रेक्षकाने संवाद ऐकले नाहीत तरी चालते, धुराकडे लक्ष ठेवले की पुरे. सुपरमॉडेल सहसा दमलेली, उपाशी, पहाटे चारला मेकअपसाठी उठलेली आणि तीन महिन्यांपूर्वीच्या कामाचे पैसे मागत फिरणारी असते. पण दमलेली बाई पडद्यावर पापी दिसत नाही, ही पटकथेची अडचण.

एका ठिकाणी मात्र हसू थांबते. नशेत रात्र घालवलेली मेघना सकाळी एका अनोळखी कृष्णवर्णीय पुरुषाशेजारी जागी होते आणि आपण रसातळाला गेल्याचे तिला तिथे कळते. विवाहित उद्योगपतीने तिला वापरून घेतले तेव्हा हा साक्षात्कार झाला नव्हता. त्या माणसाची कातडी हाच त्या दृश्याचा युक्तिवाद आहे. गोऱ्या रंगाच्या क्रीमवर चालणाऱ्या व्यवसायाचे वाभाडे काढायला निघालेल्या चित्रपटाने तोच रंगभेद बिनदिक्कत वापरावा, याला भाबडेपणा म्हणता येणार नाही.

जॅनेटचे प्रकरण त्या मानाने समजूतदार. तिचा नवरा राहुल समलिंगी आहे, हे लग्न जगाला दाखवण्यासाठी आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. २००८ मध्ये कलम ३७७ लागू होते आणि प्रौढांच्या परस्परसंमतीचे समलिंगी संबंध त्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१८ उजाडले. राहुलची भीती केवळ आईपुरती नव्हती.

सरकारला काळजी कपड्यांची

रॅम्पवर शोनालीचा पोशाख सरकतो, हा प्रसंग कल्पनेतून आलेला नाही. २००६ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये अशा घटना घडल्या आणि वृत्तवाहिन्यांनी त्या इतक्या वेळा दाखवल्या की ज्यांना फॅशन वीक म्हणजे काय हे माहीत नव्हते, त्यांनाही तो सरकलेला पोशाख पाठ झाला. प्रकरण राज्य सरकारपर्यंत गेले आणि पोलीस चौकशी लागली. आदल्याच वर्षी डान्स बार बंद करणाऱ्या महाराष्ट्रात हे स्वाभाविकच होते. टाका उसवला की उसवून घेतला, याचा तपास पोलिसांनी केला. त्या मुलींना शोचे पैसे मिळाले का, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हीच तऱ्हा त्याआधीही होती. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे हे दोघे मराठी मॉडेल बूट आणि अजगर एवढ्यावरच उभे राहिले. अश्लीलतेचा खटला झाला, अजगरामुळे वन्यजीव कायदाही आला. निर्दोष सुटका झाली २००९ मध्ये, म्हणजे ‘फॅशन’ प्रदर्शित होऊन गेल्यावर. चौदा वर्षे! मॉडेलचे अंग किती दिसले, या प्रश्नावर आपली यंत्रणा किती चिकाटी दाखवू शकते, याचा हा पुरावा. यात कायद्याने अजगराचाही विचार केला, हे विशेष.

खरा खलनायक कोण?

चित्रपटात तो दोन-चार मिनिटांत येऊन जातो आणि त्याला चेहरा नाही. तो म्हणजे करार. उद्योगपती अभिजित सरीनपासून (अरबाज खान) मेघनाला दिवस जातात. कराराच्या काळात मातृत्वाला मनाई असल्याने तिला गर्भपात करावा लागतो. पुढे काम हातून जाते. हे सारे तिच्या चुकीच्या संबंधाचे प्रायश्चित्त म्हणून दाखवले आहे. कराराच्या कागदाला कोणी दोन शब्द सुनावत नाही. वकील तर या अख्ख्या व्यवसायात कोणाला माहीतच नसावा, असे वाटते.

वास्तविक ‘फॅशन’च्या २७ वर्षे आधी, १९८१ मध्ये, नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाचा असाच नियम रद्द केला होता. हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरीवरून काढण्याची ती तरतूद होती. मग मेघनाला त्याचा उपयोग का नाही? कारण एअर इंडिया सरकारी होती आणि हवाई सुंदरी तिच्या कर्मचारी होत्या. १९६१ चा मातृत्व लाभ कायदाही नोकरीतल्या स्त्रीसाठी होता. मॉडेल कोणाच्याच नोकरीत नसते. ती ‘फ्रीलान्सर’. चेहरा कंपनीचा, वेळ एजन्सीची, वजन डिझायनरच्या मापाचे, जबाबदारी मात्र तिची एकटीची.

व्यवहार चालतो तो असा. काम को-ऑर्डिनेटर किंवा एजन्सीमार्फत येते, तिची टक्केवारी आधी कापली जाते. पैसे कंपनीकडून जाहिरात संस्थेकडे, तिथून निर्मात्याकडे, मग एजन्सीकडे आणि सर्वात शेवटी मॉडेलकडे, असे पायऱ्या उतरत येतात. प्रत्येक पायरीवर ते थोडा आराम करतात. छायाचित्र किती काळ आणि कुठे वापरायचे, यावर मानधन ठरायला हवे. पण घाईत सही केलेल्या कागदावर ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे लिहिलेले असले, तर एका दिवसाच्या पैशांत तो चेहरा वर्षानुवर्षे फलकांवर हसत राहतो. याखालची पायरी आणखी वेगळी. तिथे ‘नोंदणी’ आणि ‘पोर्टफोलिओ’ यांच्या नावाखाली इच्छुकांकडूनच पैसे उकळणारे दुकानदार बसलेले असतात. कोल्हापूर असो की नांदेड, रील पाहून ऑडिशनला निघालेल्या मुलीची या क्षेत्राशी पहिली ओळख बहुधा इथेच होते. काम देण्याआधी पैसे मागणारा एजंट नसतो, हे तिला सांगणारा चित्रपट अजून यायचा आहे.

शोनालीची शोकांतिकाही इथे तपासून पाहावी. चित्रपटाच्या वर्षभर आधी दिल्लीत एक माजी मॉडेल रस्त्यावर निराधार सापडल्याची बातमी गाजली होती आणि अनेकांना शोनालीत तिची छाया दिसली. चित्रपटाचे उत्तर तयार आहे : नशा. पण पंचविशीत ‘जुना चेहरा’ ठरणाऱ्या, ना भविष्य निर्वाह निधी, ना विमा, ना उपचारांचा आधार असलेल्या कोणत्याही कामगाराच्या कहाणीत नशा हा शेवटून दुसरा अंक असतो.

पॅरिसला पोहोचल्यावर

शेवटी मेघना पॅरिसच्या रॅम्पवर झळकते आणि पडदा पडतो. स्वर्गाची ही निवड दिग्दर्शकाने झगमगाटासाठी केली असेल, पण ती नकळत अचूक ठरली. फ्रान्सचा कामगार कायदा मॉडेलला मूलतः पगारी कर्मचारी धरतो. २०१७ पासून तिथे काम करायला प्रकृती ठीक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्याच वर्षीपासून जाहिरातीत शरीर बारीक वा जाड दाखवण्यासाठी छायाचित्रात फेरफार केला असेल, तर तसे छापावे लागते. न्यूयॉर्क राज्याचा फॅशन कामगारांसाठीचा कायदा जून २०२५ मध्ये लागू झाला. एजन्सीची टक्केवारी त्याने २० टक्क्यांवर रोखली आणि मॉडेलची कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली प्रतिकृती वापरायची तर वेगळी लेखी संमती बंधनकारक केली.

भारतात मॉडेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. लैंगिक छळाविरोधातील २०१३ चा कायदा तिला लागू होतो. टक्केवारी, थकबाकी, छायाचित्राच्या वापराची मुदत हे सारे मात्र ज्याच्या-त्याच्या करारावर. त्यात आता नवी भर पडली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘व्होग’च्या अमेरिकी अंकात ‘गेस’ या ब्रँडची जी जाहिरात आली, तिच्यातील तरुणी अस्तित्वातच नव्हती. ती संगणकाने घडवली होती. तिला भूक नाही, थकबाकी नाही, दिवस जाण्याची भीती नाही आणि ती सिगारेटही ओढत नाही. अशा तरुणी घडवायला लागणारे हजारो चेहरे मात्र खऱ्या मुलींचे असतात. आज मुंबईत एखादी मेघना ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ या ओळीखाली सही करते, तेव्हा त्या ‘सर्व माध्यमांत’ संगणक धरला आहे की नाही, हे तिने विचारायचे कोणाला?