बुडायचे कोणी, हे वादळ ठरवत नाही



उभे पीक पाण्याखाली गेले की साहेब लोकांचे एक वाक्य ठरलेले असते, "निसर्गापुढे कोणाचे काय चालते?" बांधावर येऊन फोटो काढणारे पुढारीही हेच बोलतात. हे वाक्य अर्धेच खरे आहे. आभाळ कधी फाटेल ते कोणाच्या हातात नाही, हे कबूल. पण फाटल्यावर पाणी कोणाच्या घरात शिरेल, बांध कोणाचा पक्का आणि कोणाचा कच्चा, भरपाई कोणाला आणि किती, हे माणसांनी आधीच कागदावर ठरवलेले असते. अस्मानीच्या आड सुलतानी लपते ती अशी.

आमच्याकडे पैसा नाही, यंत्रे नाहीत, तज्ज्ञ नाहीत, ही सबब आपण नेहमी ऐकतो. म्हणून या सबबीला जिथे जागाच नाही अशा मुलखाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतले कॅलिफोर्निया. अमेरिकेत शेतमालाच्या उलाढालीत पहिले राज्य. तिथे कापूसही पिकतो.

या राज्याचा पावसाळा हिवाळ्यात येतो. पश्चिमेला पॅसिफिक महासागर, किनाऱ्याला लागून डोंगररांगा, मधे सपाट शेतीचे खोरे आणि पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वत. आपले कळसूबाई 1,646 मीटर. तिथले सर्वात उंच शिखर 4,421 मीटर. डिसेंबर ते मार्च समुद्रावरून बाष्पाचे लांबलचक पट्टे येतात. शास्त्रज्ञ त्यांना 'वातावरणातल्या नद्या' म्हणतात. जूनमध्ये सह्याद्रीला ढग अडतात तसेच हे पट्टे तिथल्या डोंगरांना अडतात आणि रिते होतात. फरक इतकाच की उंचावर पावसाऐवजी बर्फ पडतो आणि एप्रिल ते जुलै वितळून खाली येतो. म्हणजे एकाच वादळाचे तीन तडाखे. किनाऱ्यावर पूर, डोंगरात दरडी आणि बर्फाची कोंडी, आणि उन्हाळ्यात खोऱ्यात दुसरा पूर.

26 डिसेंबर 2022 ते 17 जानेवारी 2023 या तीन आठवड्यांत असे नऊ पट्टे एकामागून एक आदळले. वीसहून अधिक माणसे गेली. मार्चमध्ये पुन्हा वादळे आली. वादळ सगळ्यांवर सारखेच आले. पुढे काय झाले ते गावागावांत वेगळे होते.

पाहारो नावाचे गाव घ्या. वस्ती सुमारे तीन हजार. बहुतेक जण स्ट्रॉबेरीच्या आणि भाजीपाल्याच्या मळ्यात राबणारे मजूर. नदीचा बांध 1949 सालचा. तो कमजोर आहे हे सरकारला ठाऊक होते. नवा बांधायला अमेरिकेच्या संसदेने 1966 मध्येच मान्यता दिली होती. 1995 मध्ये बांध फुटला, दोन माणसे गेली. तरी काम झाले नाही. अखेर 10 मार्च 2023 च्या मध्यरात्रीच्या सुमारास तो पुन्हा फुटला आणि गाव पाण्यात गेले.

इतकी वर्षे काम का झाले नाही? तिथे पूरबांधांचे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे असते. कामाला पैसा देण्याआधी लाभ-खर्चाचे गुणोत्तर काढतात. बांधाने किती डॉलरची मालमत्ता वाचेल आणि बांधायला किती डॉलर लागतील, असा हा भागाकार. मजुरांची घरे स्वस्त. स्वस्त घर वाचवण्याचा 'लाभ' कमी. म्हणून गुणोत्तर जुळत नाही, म्हणून बांध नाही! हे कारण कोणा विरोधकाने शोधून काढलेले नाही. बांध फुटल्यावर त्या दलाच्या अधिकाऱ्यानेच ते वर्तमानपत्राला सांगितले. वर कडी म्हणजे, ज्या मजुरांकडे राहण्याचे कायदेशीर कागद नव्हते त्यांना केंद्र सरकारच्या पूरमदतीचे दार बंद होते. नव्या बांधाच्या कामाचा नारळ फुटला तो 2024 मध्ये. मान्यतेनंतर 58 वर्षांनी!

आता त्याच किनाऱ्यावरचे माँटेसिटो पाहा. हे धनवंतांचे गाव. डिसेंबर 2017 च्या वणव्यात मागचे डोंगर जळाले. जळालेली माती पाणी जिरवत नाही. 9 जानेवारी 2018 च्या पहाटे पाऊस कोसळला तेव्हा दगडगोट्यांसह चिखलाचा लोंढा गावात घुसला आणि 23 माणसे गेली. मरण श्रीमंतालाही चुकत नाही, हे खरेच. पण पुढे काय झाले? लोकांनी पैसा उभा करून ओढ्यांवर पोलादी जाळ्या बसवल्या. 2022 पर्यंत सरकारी खर्चाने गाळ-दगड अडवणारा मोठा तलाव तयार झाला. 9 जानेवारी 2023 ला मोठा पाऊस आला तेव्हा सगळे गाव रिकामे करण्याचा हुकूम सुटला. माँटेसिटोच्या लोकांनी केले ते योग्यच केले. प्रश्न एवढाच, की एका गावाला जे पाच वर्षांत मिळाले ते दुसऱ्याला अर्ध्या शतकात का मिळाले नाही?

तिसरी जागा आपल्या धंद्याची. मधल्या खोऱ्यात टुलारे नावाचे प्रचंड मोठे सरोवर होते. एकोणिसाव्या शतकापासून त्याला मिळणाऱ्या नद्या वळवल्या, बांध घातले आणि तळाच्या काळ्या गाळात कापसाची अवाढव्य शेते उभी राहिली. पण पाणी आपली जागा विसरत नाही. 1983 ला सरोवर परत आले, 1997 ला आले, आणि 2023 ला वादळांचे पाणी आणि मागून वितळलेले बर्फ मिळून एक लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली. मार्च 2023 मध्ये तिथे वाद पेटला तो बांध कुठे फोडायचा आणि कोणाची शेते आधी बुडवायची, याचा. तो निवडून आलेल्या जिल्हा मंडळापुढे गेला आणि तिथे मतदान झाले. म्हणजे कोणाचे शेत बुडायचे हे त्या दिवशी हात वर करून ठरले. जवळच ॲलन्सवर्थ हे गरिबांचे छोटे गाव. तिथल्या लोकांना फुटलेली ताल स्वतःच्या हातांनी माती टाकून बुजवावी लागली.

अजून एक गोष्ट. बोअरने भूजल उपसून उपसून तिथली जमीनच खचली आहे. जमिनीबरोबर कॉर्कोरन गावाचा बांधही खचला. 2023 मध्ये तो उंच करायला राज्य सरकारला 1 कोटी 70 लाख डॉलर मोजावे लागले. उपसा ज्याने केला त्याचा नफा त्याच्या खिशात, आणि खचलेल्या बांधाचा खर्च जनतेच्या माथी.

कोणी म्हणेल, सरकारचा पैसा खर्च करायचा तर हिशेब नको का? हवाच. मी कृषी पदवीधर आहे, हिशेबाशिवाय शेती होत नाही हे मला कोणी शिकवायला नको. भांडण हिशेबाशी नाही. हिशेबात काय धरले आणि काय वगळले, याच्याशी आहे. घराची किंमत धरली, घरातल्या माणसाच्या वर्षभराच्या रोजीची धरली नाही, तर उत्तर आधीच ठरलेले असते.

आता आपल्या शिवारात या. पश्चिमेकडून येणारे थंड झोत आणि समुद्रावरचे बाष्प यांची गाठ पडली की आपल्याकडेही हिवाळ्यात आभाळ फाटते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी मराठवाडा-विदर्भातली रब्बी झोडपली. 2023 च्या नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळीने पुन्हा तडाखा दिला. त्यानंतर कोणती वही उघडली जाते?

पहिली वही सरकारी मदतीची. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये आणि बागायतीला 17,000. मी विचारतो, कोरडवाहू शेतकऱ्याला कपाशीच्या बियाण्याचे पाकीट निम्म्या दराने मिळते काय? खताचे पोते, फवारणीचे औषध, वेचणीची मजुरी निम्म्याने लागते काय? ज्याच्याकडे पाणी नाही त्याचे पीकही निम्म्या मोलाचे! पाहारोच्या मजुरांचे घर ज्या फूटपट्टीने मोजले तीच ही फूटपट्टी.

दुसरी वही पीक विम्याची. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढतात. महाराष्ट्राने जोखीमस्तर 70 टक्के धरला, म्हणून तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. सात वर्षांतली दोनच वाईट वर्षे वगळली जातात. ज्या मंडळात चार वर्षे दुष्काळ, त्याची सरासरी तळाला जाणारच. समजा ती एकरी चार क्विंटल आली, तर उंबरठा 2.8. यंदा पाऊस नेमका झाला, सहा क्विंटलचे पीक उभे राहिले आणि वादळाने त्यातले निम्मे नेले. उरले तीन. निम्मे पीक गेले आणि भरपाई शून्य! कालच्या दुष्काळाचा दंड आजच्या वादळात वसूल होतो.

शिवाय पीक कापणी प्रयोगात वजन मोजतात, प्रत मोजत नाहीत. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की सरकी वजनाला राहते, पण रुई पिवळी पडते आणि व्यापारी भाव पाडतो. दाणा भरलेल्या ज्वारीवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो. पोते तेवढेच, भाव मात्र मातीमोल. हे नुकसान कोणत्याच वहीत नाही. शेतनिहाय पाहणीची जी थोडी सोय होती, ती स्थानिक आपत्तीची भरपाईही राज्याने 2025 च्या खरिपात काढून टाकली.

म्हणून जिल्हा बैठकीत या मागण्या मांडायच्या :

1. मदतीचा दर लागलेल्या खर्चावर ठरवा, विहिरीच्या पाण्यावर नाही.
2. उंबरठा उत्पन्न काढताना दुष्काळ जाहीर झालेली सगळी वर्षे वगळा.
3. भिजलेला कापूस आणि काळी ज्वारी यांच्या भावातली तूट नुकसान म्हणून धरा.
4. गारपिटीची पाहणी शेतनिहाय करा आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

नुसते मागून भागणार नाही. आपली वही आपणच लिहायला हवी. वादळाचा दिवस, वेळ, गारेचा आकार, दुसऱ्या सकाळचा फोटो, सर्व्हे नंबर टाकून नोंदवा. कोरडा आणि भिजलेला कापूस वेगळा ठेवा, वेगळा विका आणि दोन्ही पट्ट्या जपून ठेवा. एका शिवारातल्या शंभर शेतकऱ्यांच्या दोनशे पट्ट्या टेबलावर पडल्या की भावातली तूट दिसत नाही, असे कोणत्याही अधिकाऱ्याला म्हणता येणार नाही.

पाहारोच्या लोकांच्या बांधाचे काम सुरू व्हायलाच 58 वर्षे लागली. आपण तेवढे थांबायचे नाही. येताना पट्ट्या घेऊन या.