जिम कोणाला हवी – मुलाला की मुलीला?

मुंब्र्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बारावीला, मुलगी दहावीला. दोघेही बास्केटबॉल खेळतात. मुलाने जिमचा हट्ट धरला आहे. मोबाइलवर तो अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने पाहतो आणि म्हणतो, "अम्मी, हे सगळे वजन उचलतात, मग मीच का नको?" दादाजान म्हणतात, या वयात वजन उचलले की उंची खुंटते. मुलीची तक्रार वेगळी आहे. उडी मारून खाली येताना तिचा गुडघा दुखतो. तिला घरात एकच उत्तर मिळाले आहे : दुखते तर खेळणे सोड. पत्राच्या शेवटी भगिनी लिहितात, "मुलाला जिमला घालावे की नाही, एवढेच सांगा."

एवढेच सांगून भागणार नाही, कारण पत्र वाचल्यावर आम्हाला मुलापेक्षा मुलीची काळजी जास्त वाटली. का, ते पुढे येईलच.

बास्केटबॉल आपल्या घरांना परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने या खेळात पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. भारताचे कर्णधार झालेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसीर याच मोहल्ल्यातले. पण मुलाने बोट अमेरिकेच्या कॉलेजांकडे दाखवले आहे, आणि वजन उचलावे की नाही हा वाद तिथे आपल्यापेक्षा फार आधी होऊन गेला. म्हणून आधी तिकडे काय घडले ते पाहू.

हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी जन्मला. जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या टांगल्या आणि हिवाळ्यात बंद खोलीत खेळता येईल असा खेळ मुलांना दिला. व्यायामशिक्षकाने घडवलेला खेळ असूनही वजनाच्या व्यायामाशी त्याचे कित्येक दशके वैर राहिले. वजन उचलले की अंग आखडते, खेळाडू मंद होतो, बोटांचा हळुवारपणा जातो आणि नेम चुकतो, असे प्रशिक्षक मानत. दादाजानची भीती उंचीची आहे, त्यांची नेमाची होती, एवढाच फरक.

बदलाची सुरुवात दुसऱ्याच खेळात झाली. १९६९ साली नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या लक्षात आले, की बॉइड एपली नावाचा एक तरुण स्वतःची पाठीची दुखापत सांभाळत वजनाचा व्यायाम करतो, आणि जखमी खेळाडू त्याच्यासोबत व्यायाम करून आधीपेक्षा ताकदवान होऊन परततात. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी त्याला काम दिले, पण अट घातली : एक जरी खेळाडू मंद झाला, तर तुझी सुट्टी. कोणी मंद झाला नाही. पुढे १९७८ साली एपलींनी अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटनाच उभी केली. 'स्ट्रेंथ कोच' हा पेशा तिथून रुजला.

बास्केटबॉलला पटायला आणखी वेळ लागला. मायकेल जॉर्डनचे उदाहरण सर्वांना पटणारे ठरले. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे डेट्रॉइटच्या धटिंगण संघाने त्याच्या शिकागो संघाला बाद केले. जॉर्डन उडायचा, ते त्याला हवेतच धडकवायचे. त्याने टिम ग्रोव्हर या प्रशिक्षकाबरोबर नेटाने वजनाचा व्यायाम सुरू केला, सुमारे सात किलो वजन वाढवले, आणि १९९१ साली डेट्रॉइटला हरवून विजेतेपद घेतले. त्याचा नेम कुठेही बिघडला नव्हता. जॉर्डन व्यावसायिक खेळाडू होता, पण त्याला पाहून वाढलेली मुले पुढे कॉलेजांत आली आणि वजनाची खोली सोबत मागू लागली.

आज मोठ्या कॉलेजात संघासाठी वेगळा स्ट्रेंथ कोच असतो. त्याच्यापुढे येणारा मुलगा अठरा वर्षांचा, उंच, चपळ आणि बहुधा काडीसारखा असतो. त्याला बावीस-तेवीस वर्षांच्या भरलेल्या अंगाच्या खेळाडूंना अडवायचे असते. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे नियम करणारी संस्था एनसीएए. तिच्या नियमाने हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव घेता येतो. वजनाचा व्यायामही त्यातच मोजला जातो, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. २०१२ पासून पुरुष बास्केटबॉल संघांना उन्हाळ्याच्या सुट्टीतही आठ आठवडे, आठवड्याला आठ तासांपर्यंत मुलांना तयार करण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला त्यातले चेंडूसह शिकवण्याचे तास दोनच होते. उरलेला वेळ मुख्यतः ताकदीचा.

या तासांत काय चालते, हे मुलाने नीट पाहावे. पहिल्या काही आठवड्यांत जड वजन नसतेच. बैठक नीट मारता येते का, पाठ न वाकवता कमरेतून झुकता येते का, एका पायावर तोल राहतो का, हे पाहतात. त्यानंतर उडी शिकवतात, आणि उडीपेक्षा जास्त वेळ खाली उतरणे शिकवतात : दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता. शरीर हे शिकले की मग बारवरचे वजन थोडे थोडे वाढते. हंगाम सुरू झाला की व्यायाम थांबत नाही, पण आठवड्यातून दोनेक वेळा आणि थोडक्यात होतो. मिळवलेली ताकद टिकवणे एवढाच तेव्हा हेतू असतो.

ताकदीचा उपयोग कुठे होतो, हे स्टीफन करीकडे पाहून कळते. आज जगातला सर्वांत अचूक नेमबाज म्हणून तो ओळखला जातो. शाळेत असताना तो इतका किरकोळ होता, की ज्या विद्यापीठाकडून त्याचे वडील खेळले तिथूनही त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. डेव्हिडसन या लहान कॉलेजने त्याला घेतले आणि २००८ साली तो त्या संघाला देशातल्या अखेरच्या आठांत घेऊन गेला. व्यावसायिक झाल्यावर मात्र घोटा पुन्हा पुन्हा मुरगळू लागला. २०११ आणि २०१२ साली शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच्या घोट्याइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष कमरेच्या आणि नितंबांच्या स्नायूंवर दिले. वळताना आणि थांबताना पडणारा भार वरच्या मोठ्या स्नायूंनी पेलला, तर घोट्यावर कमी येतो. तो शिडशिडीत मुलगा पुढे सुमारे १८० किलोची डेडलिफ्ट करू लागला. दिसायला तो आजही पहिलवान वाटत नाही.

आता मुलीकडे येऊ. गुडघ्यात एसीएल नावाचे एक लिगामेंट असते. ते तुटले तर खेळाडूचे बहुधा नऊ महिने ते वर्ष जाते. बास्केटबॉलमध्ये ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. अनेक अभ्यासांत हे प्रमाण दुप्पट ते चौपट आढळले आहे. बहुतेक वेळा कोणी धक्काही दिलेला नसतो. धावता धावता एकदम थांबताना, वळताना किंवा उडीवरून उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळतो आणि लिगामेंट तुटते. वयात येताना मुलांचे स्नायू आपोआप झपाट्याने वाढतात. मुलींची उंची आणि वजन वाढते, पण स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. ही उणीव व्यायामाने भरून काढावी लागते. मांडीच्या मागचे आणि कमरेचे स्नायू बळकट केले आणि उतरण्याची पद्धत सुधारली, तर या दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

म्हणूनच अमेरिकेत मुलींच्या कॉलेज संघांनी वजनाची खोली मनापासून स्वीकारली. या क्षेत्रात अँड्रिया हडी या बाईंचे नाव आदराने घेतले जाते. २००४ ते २०१९ या काळात कॅन्सस विद्यापीठात मुलांच्या नामवंत बास्केटबॉल संघाची ताकद त्यांनी घडवली. बाईमाणूस उंचापुऱ्या मुलांना वजन उचलायला शिकवते, याचे आधी लोकांना नवल वाटे. २०२१ पासून त्या कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाबरोबर काम करू लागल्या. याच संघात तेव्हा पेज ब्यूकर्स ही देशातली अव्वल खेळाडू होती. ऑगस्ट २०२२ मध्ये तिचे एसीएल तुटले आणि पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. त्या वर्षात तिने शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम आणि ताकदीचे काम केले. ती परतली, आणि एप्रिल २०२५ मध्ये कनेटिकटने विजेतेपद जिंकले तेव्हा ती संघाच्या केंद्रस्थानी होती. तिला कोणी खेळ सोडायला सांगितले असते तर ते सोपे झाले असते.

मुलींच्या पोशाखाची अडचणही सांगितली जाते. बिल्किस अब्दुल कादिर ही मुलगी स्प्रिंगफील्डची, म्हणजे जिथे हा खेळ जन्मला त्याच गावची. ती हिजाब घालून, पूर्ण बाह्यांत एनसीएएच्या सर्वोच्च गटात खेळली. कॉलेजने अडवले नाही. पुढे व्यावसायिक खेळायला निघाली तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने अडवले. तिने आणि इतरांनी पाठपुरावा केला आणि २०१७ साली तो नियम बदलला. आता ते कारण उरले नाही.

ताकद जिममध्ये जितकी घडते, तितकीच घरात, ताटावर आणि अंथरुणावर. एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकटचा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला, की काही रात्री तो उपाशी झोपतो. त्याच्या संघाने तेव्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. देशभर चर्चा झाली, आणि त्याच महिन्यात एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढण्याचा निर्णय घेतला. झोपेचेही तसेच. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासात बास्केटबॉलच्या अकरा खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणावर घालवायला सांगितले. त्यांचा फ्री थ्रोचा नेम नऊ टक्क्यांनी सुधारला, धावणेही वेगवान झाले. खेळाडू अकराच होते, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहून सकाळी ताकद मागणाऱ्या मुलाने यावर विचार करावा.

रमजानचे काय, हेही आपल्या घरांत विचारले जाते. मालीहून आलेला अडामा सनोगो २०२३ साली कनेटिकटकडून खेळत होता. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेचे अखेरचे सामने रमजानमध्ये आले. त्याने रोजे ठेवले, सहरीला उठून नीट खाल्ले, आणि अंतिम सामन्यात १७ गुण व १० रिबाउंड मिळवले. अखेरच्या फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. मात्र त्याच्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती आणि खाण्यापिण्याचे नियोजन करणारी माणसे होती. नवशिक्या मुलाने रोज्यात जड वजनाची सुरुवात करू नये. त्या महिन्यात हलका व्यायाम, तोही इफ्तारनंतर, पुरेसा आहे.

राहिली दादाजानची शंका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, की जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला वजनाचा व्यायाम मुलांच्या वाढीला बाधा आणत नाही. धोका अतिरेकाचा आहे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाचे तेरा फुटबॉल खेळाडू सुट्टीनंतरच्या अतिकष्टाच्या व्यायामाने रुग्णालयात दाखल झाले. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात मिसळले होते, आणि याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तिथे तर प्रशिक्षक हजर होते. आपल्याकडे कोणीतरी डब्यातली पावडर हातात देऊन पहिल्याच आठवड्यात बार भरून देतो, तेव्हा पालकांनी सावध व्हावे.

तर भगिनींना आमचे उत्तर असे. मुलाला जिमला जाऊ द्या, पण आधी तुम्ही आणि त्याचे अब्बा स्वतः जाऊन या. शिकवणारा पहिल्या महिन्यात बैठक आणि उतरणे शिकवतो की छाती-दंडांचे स्वप्न विकतो, ते विचारा. पावडर विकत असेल तर दुसरी जागा पाहा. अंडी, डाळ, चणे, मासळी आणि दूध घरात आहे. ते वेळेवर पोटात जाऊ द्या.

मुलीला या आठवड्यातच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. गुडघा दुखतो आहे, म्हणून खेळ सोडवण्याआधी कारण शोधा. डॉक्टरांनी परवानगी दिली, की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या. त्यातले बरेचसे घरातच होतात : खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, पायरीवरून उडी मारून आवाज न करता उतरणे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, अर्धा तास. पुढे हाताशी पिठाची पाच किलोची पिशवी असतेच. भावाने तिच्यासोबत हाच व्यायाम करावा. त्याच्या आवडत्या कॉलेजांतही पहिला महिना असाच जातो.

जिमच्या फीचे पैसे एकाचेच असतील, तर आधी तिचे भरा.